पाचवं वाक्य

नानांनी आयुष्यात कधी कुलूप विकत घेतलं नाही. जळगावातल्या त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्यांचं दार फक्त कडी लावून बंद असायचं आणि ते सकाळी एरंडोलला जाऊन संध्याकाळी आले तरी कडी तशीच. सायकलीलाही कुलूप नाही. माझ्या माहितीत त्यांच्या तीन सायकली चोरीला गेल्या. चौथी घेतली तेव्हा दांडीवर पांढऱ्या रंगानं त्यांनी लिहिलं, "नेलीत तर हवा भरत जा." ती मात्र टिकली. लोक म्हणायचे, चोरालाही लाज वाटली.

"कसाले कुलूप लावू?" ते विचारायचे. "मना घरमा चोराले काय सापडी?"

खरं म्हणजे चोराला सापडण्यासारखं त्या घरात होतं. पुढच्या खोलीत ते कॉम्प्युटरचा क्लास घ्यायचे. तिथं तीन कॉम्प्युटर होते, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तीन कॉम्प्युटर म्हणजे थोडीथोडकी गोष्ट नव्हती. एकाचंही झाकण मात्र जागेवर नव्हतं. आतल्या हिरव्या पाट्या, वायरी, पंखा, सगळं उघडं. माझ्या क्लासच्या पहिल्या दिवशी मला वाटलं, मशीन बिघडलंय. मी तसं म्हणाले तर नाना म्हणाले, "बिघडेल नही. तुले दिसाले पाहिजे म्हणून उघडं शे."

ते मूळचे पारोळ्याचे. बोलणं अर्धं अहिराणी, अर्धं शाळेतलं मराठी. मी असोद्याची. आमच्याकडची बोली त्यांच्यापेक्षा वेगळी, त्यामुळे ते मला चिडवायचे आणि मी त्यांना. वय पन्नासच्या आतलं, लग्न केलेलं नाही, अंगात कायम अर्ध्या बाह्यांचा खाकी शर्ट आणि खिशात पेनाऐवजी स्क्रूड्रायव्हर. कुणी "सर" म्हटलेलं त्यांना खपत नसे. म्हणून सगळा क्लास त्यांना नाना म्हणायचा.

कॉम्प्युटरच्या आधी ते रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचे. त्यांच्या सगळ्या स्वभावाचं मूळ तिथं होतं असं मला वाटतं. जुन्या रेडिओच्या मागच्या झाकणावर आतून एक कागद चिकटवलेला असायचा. त्यावर रेडिओचा पूर्ण नकाशा, कुठली तार कुठं जाते ते. इंग्रजी धड येत नसताना नाना त्या नकाशांवर शिकले. पुढे ते कागद येणं बंद झालं. मग एकदा एक टीव्ही दुरुस्तीला आला. त्यातल्या मुख्य चिपवरचा नंबर कंपनीनंच घासून काढला होता, ती बाहेर कुणाला बदलता येऊ नये म्हणून.

ती चिप नानांनी जपून ठेवली होती. नव्या पोरापोरींना ती तळहातावर ठेवून दाखवायचे. "देख. हे खराब व्हयेल नही. हे मुद्दाम आंधळं करेल शे."

हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. एरवी शांत माणूस, पण त्या घासलेल्या नंबरावर त्यांचा जो राग होता तो मी दुसऱ्या कशावरही पाहिला नाही.

त्यांनी एक प्रोग्राम लिहिला होता. नाव साधं, नोंदवही. कुठल्याही ऑफिसला, शाळेला, वाचनालयाला आपल्याला हवे तसे रकाने पाडून मराठीत नोंदी ठेवता येतील असा. तेव्हा कॉम्प्युटरवर मराठी दिसणं म्हणजे महागाचं काम. नानांनी आलेखाच्या वहीत एकेक चौकोन काळा करत सगळी अक्षरं स्वतः बसवली होती. जोडाक्षरांना दोन वर्षं लागली. "क्ष" त्यांना शेवटपर्यंत मनासारखा जमला नाही. छापून आला की म्हणायचे, "पोट सुटेल शे त्यानं."

आणि हा प्रोग्राम ते कुणालाही द्यायचे. नुसता चालणारा नाही, त्याच्या आतल्या सगळ्या लिहिलेल्या ओळींसकट. त्यांच्या जुन्या एका विद्यार्थ्यानं परदेशातून काही फ्लॉपी पाठवल्या होत्या. त्यात तिकडच्या लोकांनी असेच उघडे ठेवलेले प्रोग्राम होते आणि सोबत एक लांबलचक इंग्रजी परवाना. नाना शब्दकोश घेऊन तीन आठवडे तो परवाना वाचत बसले. तिथला मुख्य शब्द, "फ्री", त्यांना अडला. आधी त्यांनी "फुकट" लिहिलं. मग लोक फ्लॉपी घेऊन जायचे आणि तिचा चहाच्या कपाखाली ठेवायला उपयोग करायचे. मग त्यांनी तो शब्द खोडून "मोकळं" लिहिलं. "फुकट म्हंजे टाकेल," ते म्हणाले. "मोकळं म्हंजे बांधेल नही. फरक शे."

त्या लांबलचक परवान्याची नानांनी चार वाक्यं केली. प्रत्येक फ्लॉपीसोबत ती छापलेली चिठ्ठी असायची.

"घ्या आणि कशालाही वापरा. उघडून बघा. हवं तसं बदला, पण काय बदललं ते नावासकट आत लिहा. पुढे द्याल तेव्हा असंच मोकळं द्या."

मी त्यांना एकदा विचारलं, की असं वाटून टाकून तुम्हाला काय मिळतं? ते म्हणाले, "तुमच्या असोद्याले केळी कशी लावतस? कंद कोनं देतं?" मी म्हटलं, शेजारचे देतात, ज्याची बाग निघाली तो. "मग त्याले काय भेटतं?" ते हसले. "तो पुढल्या साली तुनाकडून कंद ली जास."

आता धुळ्याची गोष्ट. तोवर मी क्लासमध्ये शिकून तिथंच शिकवायला लागले होते. एक दिवस धुळ्याहून एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचं पत्र आलं. त्यांनी तिथल्या कॉम्प्युटर विकणाऱ्या एका दुकानदाराकडून शाळेसाठी एक प्रोग्राम घेतला होता. त्यात शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मुलांची नावं चुकीची छापली जात होती आणि दुकानदार दुरुस्त करून देत नव्हता. पत्रासोबत एक दाखला होता. नानांनी तो हातात घेतला, खिडकीपाशी नेला आणि म्हणाले, "हाऊ क्ष मना शे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं धुळ्याला गेलो. दुकानदारानं नोंदवहीचं नाव बदललं होतं, नानांची चार वाक्यं काढून टाकली होती आणि कॉम्प्युटरच्या मागे लावायची एक प्लॅस्टिकची डबी केली होती. डबी लावल्याशिवाय प्रोग्राम चालायचा नाही.

माणूस उद्धट नव्हता. त्यानं आम्हाला बसवलं, चहा मागवला.

"नाना, तुम्हीच लिहिलंय ना, घ्या म्हणून?"

"लिहिलंय. पुढचं वाचलं?"

"पुढचं कोण वाचतो, नाना?"

तिथून आम्ही एका वकिलांकडे गेलो. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. म्हणाले, वाक्यं छान आहेत. लेखक म्हणून हक्क तुमचाच आहे. पण मूळ लिखाण तुमचं हे आधी सिद्ध करावं लागेल, मग त्यानं अट मान्य केली होती हे, मग तुमचं काय नुकसान झालं हे. "तुम्ही तर वाटतच होता. नुकसान काय सांगणार?"

नाना बाहेर रस्त्यावर आले. मग म्हणाले, "कागद एकटा काय करी? कागदना मागे मानूस उभा ऱ्हावाले पाहिजे."

आणि ते खरोखरच उभे राहिले, म्हणजे बसले. त्या दुकानदाराच्या दुकानासमोर एका टेलरच्या दुकानाचा ओटा होता. टेलर मुस्लिम गृहस्थ होते, वयस्कर. त्यांनी नुसतं विचारलं, "किती दिवस?" नाना म्हणाले, "तीन." त्यांनी सतरंजी अंथरून दिली. तीन दिवस नाना तिथं फ्लॉपींचा डबा घेऊन बसले. समोरच्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला हाक मारायचे, "भाऊ, तोच प्रोग्राम शे, मोकळा. ली जा." ना आरडाओरडा, ना दुकानदाराबद्दल एक वाईट शब्द. पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाई स्वतः आल्या, शाळेच्या क्लार्कला घेऊन. नानांनी त्याला ओट्यावरच कागदावर ओळी काढून दाखवल्या, चूक कुठं आहे ती. क्लार्क म्हणाला, "एवढंच होतं?" नाना म्हणाले, "एवढंच व्हतं. पन झाकेल व्हतं."

तिसऱ्या दिवशी दुकानदारच ओट्यावर येऊन बसला. त्यानं डबी काढली असं मी म्हणणार नाही. बरेच महिने तो ती विकत राहिला. पण ज्यांना मोकळी प्रत हवी त्यांना ती नाकारेनासा झाला आणि पुढे नोंदवही वापरणाऱ्यांना प्रिंटरच्या रिबिनी आणि कागद पुरवण्यातच त्याचा चांगला धंदा झाला. नानांना तो दिवाळीला भेटकार्ड पाठवायचा.

मला त्या प्रवासात नानांचा अभिमान वाटला. मला वाटलं, या चार वाक्यांत सगळं आलं. ती कशी तोकडी आहेत ते मला पुढच्या वर्षी कळलं, आणि ते माझ्याच हातून.

जिल्ह्यातल्या एका गावी, नाव सांगत नाही, एका डॉक्टरांचा बाळंतपणाचा दवाखाना होता. सोनोग्राफीचं मशीन तिथं नवीन आलं होतं. त्यांनी नोंदवही घेतली होती आणि त्यात थोडे बदल हवे होते. नाना तेव्हा पारोळ्याला गेलेले. मी म्हटलं, मी करते. माझं ते पहिलं स्वतंत्र काम. मी नवी साडी नेसून गेले होते, एवढं मला आठवतं.

डॉक्टरांना एक नवा रकाना हवा होता, "पुढची भेट". त्यात दोनच पर्याय, सोमवार आणि शुक्रवार. मी म्हटलं, सातही वार टाकते, सोपं आहे. ते म्हणाले, "नको. दोनच." मी दोनच टाकले. नियमाप्रमाणे आत लिहिलं, काय बदललं आणि माझं नाव. डॉक्टरांनी कौतुक केलं. घरी येऊन मी आईला सांगितलं की आज मी डॉक्टरांचं काम केलं.

सहा-सात महिन्यांनी दवाखान्याचा कंपाउंडर क्लासवर एक फ्लॉपी घेऊन आला. बुरशी धरल्यामुळे ती वाचली जात नव्हती. नानांनी ती पुसून, एकेक तुकडा उतरवून घेऊन नीट केली. नोंदी बरोबर आल्या का ते बघायला त्यांनी त्या ओळीनं वाचल्या. वाचता वाचता ते थांबले. कंपाउंडरला म्हणाले, चार दिवसांनी ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्लासवर पोचले तर नाना पडद्यासमोर बसलेले. पुढ्यातला चहा तसाच.

"ये, बठ. हे वाच."

मी वाचलं. सोमवार लिहिलेल्या बायका पुढल्या महिन्यात आल्या होत्या, त्याच्या पुढल्या महिन्यात आल्या होत्या, मग बाळंतपणाची नोंद. शुक्रवार लिहिलेल्या बायका त्याच आठवड्यात एकदा आल्या होत्या. त्यानंतर त्यांची नोंदच नव्हती. अशा किती ते मी मोजले नाहीत. त्यात असोद्याची दोन नावं होती. एक माझ्या ओळखीचं होतं.

पोटातला जीव मुलगा की मुलगी हे सांगायला कायद्यानं बंदी होती. डॉक्टर तोंडानं काहीच सांगत नव्हते. ते फक्त वार सांगत होते.

नानांनी मग त्याच फ्लॉपीवरच्या प्रोग्रामचा आतला भाग उघडला. वरच माझी ओळ होती. नवा रकाना, पर्याय दोन. खाली माझं नाव.

"दोनच वार कसाले?"

"डॉक्टरांनी सांगितलं."

"तू इचारं नही?"

"नाही."

"कसाले?"

नाना थांबून राहिले. त्यांची ती सवय होती, प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत मध्ये बोलायचं नाही. शेवटी मीच म्हणाले, "मला वाटलं होतं काहीतरी आहे म्हणून. पण पहिलंच काम होतं, नाना."

मला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, मला पाणी दिलं आणि क्लासला सुट्टी असल्याची पाटी बाहेर लावून आले.

मी रडले आणि मग मला राग आला. स्वतःचा, पण तो मी नानांवर काढला. मी म्हणाले, "तुमच्या चिठ्ठीतच लिहिलंय, कशालाही वापरा. त्याला तुम्हीच परवानगी दिलीत. पाचवं वाक्य लिहा ना! वाईट कामाला वापरू नका, म्हणून."

नाना म्हणाले, "लिखू." आणि खरंच कागद घेऊन बसले.

तो सगळा दिवस त्यांनी त्या एका वाक्यावर घालवला. आधी लिहिलं, "वाईट कामाला वापरू नका." मग मला विचारलं, वाईट कोण ठरवणार? मी म्हटलं, तुम्ही. ते म्हणाले, "आज मी. मी मरी गयू म्हंजे?" मग लिहिलं, "कायद्याविरुद्ध वापरू नका." आणि म्हणाले, कायद्याविरुद्ध म्हणून उद्या मोर्चेवाल्यांची पत्रकं छापणाऱ्यालाही कुणी अडवेल, मग? मग लिहिलं, "दवाखान्यात वापरू नका." तेही खोडलं. एका सरकारी दवाखान्यात आमच्याच नोंदवहीवर लसीकरणाच्या याद्या निघत होत्या.

दुपारी त्यांनी पेन खाली ठेवलं. तेव्हा ते जे बोलले ते अहिराणीत नव्हतं. फार गंभीर झाले की ते असं जपून, शाळेतल्यासारखं बोलायचे.

"जो माणूस कायदा मोडतो तो माझं वाक्य पाळणार आहे का? धुळ्याच्या माणसानं साधं चौथं वाक्य पाळलं नाही. हे पाचवं वाक्य त्याच्यासाठी नाहीच. हे माझ्यासाठी आहे. ते लिहिलं की मला घरी निवांत बसता येईल, मी तर सांगितलं होतं म्हणून."

कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, उद्या आपण दोघं जिल्ह्याच्या ऑफिसला जाऊ. तक्रार द्यायची.

मी घाबरले. डॉक्टर मोठे माणूस. आमच्या गावातल्या अर्ध्या घरांशी त्यांचे संबंध. आणि माझं नाव त्या ओळीत होतं. मी म्हटलं, "नाना, ती ओळ काढून टाकता येईल. कुणाला कळणार नाही." हे मी बोलले होते. आज लिहायला लाज वाटते, पण बोलले होते.

नाना म्हणाले, "येई. काढाले एक मिनिट लागी. तूच ठरव." आणि उठून आतल्या खोलीत निघून गेले. कॉम्प्युटर चालू होता, ओळ समोर होती, खोलीत कुणी नव्हतं.

मी तिथं किती वेळ बसले ते मला माहीत नाही. त्या रिकाम्या खोलीचं ऋण मी अजून फेडते आहे. त्यांनी ती ओळ स्वतः लपवून मला वाचवलं असतं तर मी आयुष्यभर त्यांची उपकृत राहिले असते आणि तेवढीच लहान राहिले असते. मी कॉम्प्युटर बंद केला. ओळ तशीच ठेवून.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आमच्यासमोर एक अधिकारी बाई होत्या. नानांनी सगळं समजावून सांगितलं. रुग्ण बायकांची नावं कागदावर छापून न्यायची नाहीत, असं त्यांनी आधीच ठरवलं होतं. फ्लॉपीची प्रत बाईंच्या हातात दिली आणि म्हणाले, यातल्या बायकांना त्रास होणार नाही एवढं बघा, त्या एकट्यानं ठरवून तिथं गेल्या नसतील. बाईंनी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, "प्रोग्राम कुणाचा?"

"माझा," नाना म्हणाले.

"आणि हा रकाना कुणी घातला?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते समोर भिंतीकडे बघत राहिले.

"मी," मी म्हणाले.

बाईंनी मला बसायला सांगितलं आणि माझा जबाब लिहून घेतला. तीन पानं झाली. सही करताना माझं नाव पहिल्यांदा मला स्वतःचं वाटलं.

त्यातून काय निष्पन्न झालं ते सांगते. दवाखान्याची तपासणी झाली, मशीनला सील लागलं, केस उभी राहिली. ती पुष्कळ वर्षं चालली. डॉक्टर गाव सोडून गेले आणि दुसरीकडे कुठं त्यांनी पुन्हा असंच काही मांडलं का, हे मला माहीत नाही. मांडलं असेल तर वहीवर मांडलं असेल. त्याला प्रोग्रामची गरज नव्हती. नानांच्या क्लासला येणारी दवाखान्यांची आणि दुकानांची कामं आटली. घरमालकानं जागा सोडायला सांगितली, तेव्हा क्लास आठ महिने जळगावातून हलून धुळ्याला त्या टेलरकाकांच्या वरच्या खोलीत भरला. माझा भाऊ महिनाभर माझ्याशी बोलला नाही. आईनं मात्र एका सकाळी पोळ्या करता करता, मागे वळून न बघता, एवढंच म्हटलं, "बरं केलं."

पाचवं वाक्य नानांनी चिठ्ठीत कधीच घातलं नाही. त्याबद्दल पुढे कॉलेजातली मुलं त्यांच्याशी वाद घालायची, की मोकळेपणाला मर्यादा नको का? नाना म्हणायचे, पाहिजे. पण ती फ्लॉपीत मावत नाही.

त्या दिवशी जबाब देऊन आम्ही बाहेर पडलो तेव्हा उन्हं चढली होती. मला वाटत होतं, आता नाना मला क्लासवर ठेवणार नाहीत, आणि ठेवलं नाही तर त्यात त्यांचं काही चुकणार नाही. रस्त्यापलीकडे एका गाडीवर त्यांनी दोन ग्लास ताक मागितलं. मी ग्लास हातात धरून विचारलं, "नाना, मी उद्यापासून येऊ की नको?"

ते ताक पीत होते. ग्लास संपवून, मिशा पुसून म्हणाले, "उद्या सकाळनी बॅच तुलेच लेनी शे. माले पारोळाले जानं शे."

पारोळ्याला त्यांना काहीही काम नव्हतं. ते मला नंतर कळलं.

सकाळी सातला मी गेले. बारा जणं येऊन बसली होती. मी खडू उचलला.